अप्पा दाराबाहेर बसलेत

तीर्थस्वरूप गुरम्मा आत्या यांच्या चरणी,

लातूरहून शिवकुमारचे शरणु शरणार्थी. इकडे मी आणि अप्पा खुशाल आहोत (अप्पा माझ्यापेक्षा जरा जास्तच). तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डावा त्याच्या वळणावर गेला नसेल अशी आशा करतो. तेल पाठवलं होतं ते गुडघ्याला लावायचं आहे, देवाच्या दिव्यात घालायचं नाही. तुमच्या नातीनं, पूनमनं, मला सगळं सांगितलं आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मागच्या खेपेला फोनवर तुमच्या गुडघ्याची चौकशी केली, तेव्हा तुम्हाला ऐकू जावं म्हणून मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो, की भिंतीपलीकडून कमरुन्निसा चाची म्हणाल्या, "अब ठीक है बेटा." तेव्हापासून मी ठरवलं, आत्याशी बोलायचं तर कागदावर.

बसम्माच्या नातवाच्या बारशात तुम्ही मला चारचौघांत विचारलंत, "अरे, तुझी नोकरी नेमकी कुठं हाय?" मी हसून वेळ मारून नेली. आज नीट सांगतो. डेन्मार्क नावाचा एक थंड देश आहे. तिथं गायींचं दूध यंत्र काढतं. एखाद्या गोठ्यातलं यंत्र अडून बसलं, की मी लातूरच्या आपल्या मागच्या खोलीतून कळ फिरवून ते चालू करतो. चार वर्षं मी हेच करत आलो. (अप्पा याला 'दुसऱ्याच्या गायी राखणं' म्हणायचे. आपल्या दारात शेळीसुद्धा नाही, हेही लगेच जोडायचे.) पण त्या कंपनीचं आपल्या देशात ऑफिस नाही, म्हणून तिनं पुण्यातल्या एका दुसऱ्याच कंपनीला सांगितलं, की याला कागदावर तुमचा माणूस म्हणून ठेवा. नेमणुकीचं पत्र, पगाराची स्लिप, पीएफ, सगळं पुण्याचं. काम आणि शिव्या मात्र डेन्मार्कच्या. (शिव्या तिकडे फार सभ्य असतात. आपल्याला शिवी बसली हे दोन दिवसांनी कळतं.)

तुम्हाला ठाऊकच आहे, अप्पांनी पस्तीस वर्षं मार्केट यार्डात आडतीच्या काट्यावर तूर आणि सोयाबीन तोललं. त्यांना मी हे सांगितलं, तर एका दमात म्हणाले, "म्हणजे पुण्यावाला आडत्या." मला चार महिने लागले होते ते समजायला. पण त्यांचं समाधान झालं नाही. माल घेणाऱ्याचं नाव कागदावर का नाही, आणि मालक गादीवर बसलेला दिसत नाही ती नोकरी कसली, हे दोन प्रश्न ते रोज जेवताना ताटात वाढायचे. दिवाळीला शेठच्या पाया पडून फराळाचा डबा द्यायची त्यांची जुनी रीत. ती मोडायला नको म्हणून माझ्या स्लिपवरचा पत्ता वाचून ते एसटीनं पुण्याला गेले आणि करंज्यांचा डबा तिथल्या टेबलामागच्या मुलीला देऊन आले. तिनं त्याची पोच पाठवली. सोबत एक फॉर्म होता, की करंज्या देण्यामागे कोणताही व्यावसायिक हेतू नव्हता असं लिहून द्या. अप्पांनी सही केली, आणि खाली स्वतःच्या मनानं लिहिलं, 'साखर कमी पडली, माफी असावी.'

यात हसण्यासारखं एवढंच. उदगीरच्या सुकन्याचं स्थळ का फिसकटलं, हे तुम्हाला कुणी खरं सांगितलं नसेल. लग्न ठरवायच्या आधी मुलाच्या नोकरीची चौकशी करायची, हे रास्तच आहे. तिचे काका रविकिरण पुण्याला चौकशीला गेले. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, चार खुर्च्या आणि तीच करंज्यावाली मुलगी. शिवकुमार इथं बसतो का, असं काकांनी विचारलं. ती बिचारी खरं तेच बोलली, की इथं कुणीच बसत नाही, अशी आठशे नावं आमच्याकडे आहेत, आम्ही कुणाला पाहिलेलं नाही. काका तसेच परतले आणि निरोप पाठवला, "पोरगं चांगलं हाय, पण कंपनीच न्हाई."

आत्या, बघायच्या कार्यक्रमात सुकन्यानं मला एकच प्रश्न विचारला होता. तिकडच्या गायींना नावं असतात का? मी म्हणालो, नंबर असतात. मग भीत भीत सांगितलं, की चारशे सतरा नंबरची एक लंगडी गाय आहे, तिला मी मनात गौरा म्हणतो. ती हसली. ते हसू मला अजून आठवतं आणि त्रास होतो. आता तिचं सोलापूरला लग्न झालंय. (तिथले जावई बँकेत आहेत. बँक सगळ्यांना दिसते.)

त्या निरोपानंतर नवव्या दिवशी मी मीटिंगमध्ये असताना ते चहा घेऊन थेट खोलीत आले. पडद्यावर माझे साहेब होते, मॅड्स नावाचे, पांढऱ्या भुवयांचे. अप्पांना बघून साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि मी कधी तरी शिकवलं होतं तसे दोन्ही हात जोडले. अप्पांनी बशी टेबलावर ठेवून हात जोडले. त्यांनी मराठीत विचारलं, "जेवलात का?" साहेबांनी काही न समजता जोरात मान हलवली. आत्या, अप्पांना मालक दिसला.

त्या दिवसापासून दुपारी एक ते रात्री नऊ अप्पा माझ्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. भाजीवाली कोंडाबाई ओरडली की, "हळू, मीटिंग चालू हाय!" जिलानीनं रिक्षाचा हॉर्न वाजवला तरी तेच. कुकरची शिट्टी झाली तर कुकरलासुद्धा तेच. साहेबांचा मान म्हणून स्वतः आत पाऊल टाकत नाहीत. चार वाजता दोनदा टकटक करून चहा बाहेरच्या स्टुलावर ठेवतात. सगळ्या गल्लीला सांगतात, की आमच्या शिवकुमारचा मालक उठून उभा राहतो. आई गेल्यापासून त्यांना इतकं ताठ बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

तर असं सगळं छान चाललं आहे. काळजी नसावी. गुडघ्याला जपा, पूनमला आशीर्वाद, आणि हे पत्र देवळात नेऊन कुणाकडून वाचून घेऊ नका, चष्मा लावून स्वतःच वाचा.

आपला आज्ञाधारक भाचा,
शिवकुमार

ता. क. तुमच्या हातचं काळं तिखट संपलंय. एसटीनं कुणी येणार असेल तर पाठवा.

ता. क. दोन. आत्या, नोकरी गेली. दीड महिना झाला. आता गोठ्यातलं यंत्र स्वतःच स्वतःला चालू करतं. मी डेन्मार्कला विचारलं, तर ते म्हणाले, कागदावर तू आमचा कधीच नव्हतास, पुण्याशी बोल. पुणं म्हणालं, निर्णय त्यांचा, आम्हाला फार वाईट वाटलं. (मॅड्स साहेबांनाही काढलं, असं ऐकतो.) लॅपटॉप परत मागवला. सोमवारी अप्पा मठात गेले तेवढ्यात मी तो कुरिअरला दिला. तेव्हापासून रोज एक ते नऊ मी कानाला हेडफोन लावून रिकाम्या टेबलासमोर बसतो आणि अधूनमधून भिंतीशी इंग्रजीत बोलतो. फोनवर हे सांगता आलं नसतं, कारण दाराबाहेर अप्पा असतात. माझी एकच विनंती. ते फक्त तुमचं ऐकतात. गुडघ्याचं निमित्त करून त्यांना पंधरा दिवस तुमच्याकडे निलंग्याला बोलावून घ्या. तेवढ्यात मी बाहेर पडून कुठं काम मिळतं का पाहतो. त्यांना कळलं तर ते मोडतील, आणि मला ते बघवणार नाही.

ता. क. तीन. पाकीट चिकटवणार एवढ्यात अप्पा आत आले. टकटक न करता. त्यांच्या हातात चहा होता. टेबलावर हे पत्र आणि पेन सोडून काही नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं नाही. जिथं लॅपटॉप असायचा, बरोबर तिथं कप ठेवला. हेडफोनची सुटलेली वायर गुंडाळून माझ्या हातात दिली, डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि दार ओढून घेऊन गेले. ते आधीपासून ओळखून असावेत. केव्हापासून, हे विचारायची माझी हिंमत नाही. आत्ता बाहेर कोंडाबाई आली आहे, आणि ते तिला सांगतायत, "हळू बोल बाई, मीटिंग चालू हाय."

तेव्हा आत्या, त्यांना निलंग्याला बोलावू नका. काळं तिखट तेवढं पाठवा, दोघांना पुरेल एवढं.