दिराचा जोडा

२५ ऑगस्ट १९४६, रविवार. बोरोस, स्वीडन

नाही म्हणजे नाही! रब्बींनी मान हलवली आणि संपलं!

"लेझर गेला हे मान्य. तू स्वतः पाहिलंस, बायकोची साक्ष चालते. पण मूल झालं नाही ना? मग रीतीप्रमाणे दिराने तुझ्याशी लग्न करायचं, नाहीतर तुझ्या हातून पायातला जोडा काढून घेऊन तुला मोकळं करायचं. त्याशिवाय दुसरं लग्न नाही."

दिराने! चार महिने संसार झाला माझा, तोही जर्मनांनी आम्हा ज्यूंना कोंडलेल्या घेटोमधल्या एका खोलीत, तीन कुटुंबांच्या मधे चादर बांधून. आणि आता मी त्या घराण्याची ठेव!

रब्बींनी विचारलं, "बरं, लग्न कोणाशी करायचंय?"

मी उठले. "आधी मोकळं करा, मग विचारा!" दार आपटून आले. बाहेर आल्यावर वाटलं, आपटायला नको होतं. मग वाटलं, आणखी जोरात आपटायला हवं होतं.

२८ ऑगस्ट

झेलिग कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. केसांत लाकडाचा भुसा. तो दिसला की मागावरचा सगळा दिवस अंगावरून उतरतो. काय करू, आहे हे असं आहे.

म्हटलं, सोड ना रब्बीला, नगरपालिकेत लग्न करू. तर म्हणतो, "शिक्का मारून घरी आणायला तू काय सायकल आहेस? लग्नाच्या छत्राखाली उभं राहायचं, सात आशीर्वाद घ्यायचे, पेला फोडायचा. इतकं सगळं नेलं त्यांनी आपलं. हे नाही नेऊ देणार."

मी भांडले. मग रडले. मग म्हटलं, बरं, आणते तुझं छत्र!

त्याच्या मामाने मेलबर्नहून परवाना पाठवलाय. नवरा-बायको म्हणूनच जाता येईल. जहाज डिसेंबरात.

१ सप्टेंबर, रविवार

अलिंगसोसला जाऊन आले. नाफ्ताली, म्हणजे लेझरचा धाकटा भाऊ, तिथे कातडी कमावायच्या कारखान्यात असतो. मला पाहून इतका आनंद झाला त्याला! "वहिनी, वहिनी" करत होता. खुर्ची पुसून दिली.

कामाचं बोलले तसा चेहरा मिटला.

"मी जोडा काढू दिला की दादा दुसऱ्यांदा मरतो."

"तो एकदाच मेलाय, नाफ्ताली. मी तिथे होते."

"मी नव्हतो!" केवढ्याने ओरडला! "आमच्या घरातलं कोण उरलंय? वहिनी म्हणायला तू एकटी. तीही चाललीस ऑस्ट्रेलियाला."

मीही ओरडले. मला कुणाची वहिनी म्हणून म्हातारं व्हायचं नाही, मी चोवीस वर्षांची आहे, मला जगायचंय. घरमालकीण वर आली. स्वीडिश लोकांना आरडाओरड सोसत नाही.

निघताना दारातून सांगितलं, "रीत आहे ना जोडा काढून समोर थुंकायची? मनापासून थुंकीन बघ!"

२ सप्टेंबर

तसं म्हणायला नको होतं.

८ सप्टेंबर, रविवार

पुन्हा गेले. दार उघडलं नाही. जिन्यात बसून राहिले, शेवटच्या गाडीपर्यंत.

इल्का, माझी खोलीतली सोबतीण, म्हणते, "अगं, एवढ्या चिकाटीने रसायनशास्त्र केलं असतंस तर आज प्रोफेसरीण असतीस." केलं असतं. विल्नाच्या कॉलेजात पहिलं वर्ष झालं, दुसऱ्या वर्षाला जर्मन आले. कॉलेज मी सोडलं नाही, कॉलेजच मला सोडून गेलं. पण सगळीकडे लिहायचं तेच, शिक्षण अर्धवट.

१५ सप्टेंबर

पुन्हा जिना.

२२ सप्टेंबर, रविवार

आज दार उघडं होतं. आत गेले. तो बटाटे सोलत होता. मीही सुरी घेतली.

मग खाली बघतच म्हणाला, "शेवटी काही बोलला का गं तो?"

किती सोपं होतं! तुझी आठवण काढली, तुझं नाव घेतलं. एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. जिभेवर आलंही होतं. झेलिगसाठी मी काय वाटेल ते करीन. पण लेझरच्या तोंडी खोटं घालायचं?

"नाही. ताप होता. पाणी मागत होता. मग मागायचाही थांबला."

नाफ्तालीने बटाटा पातेल्यात टाकला. दुसरा घेतला. तोही सोलून झाल्यावर म्हणाला, "सण उरकू देत. मग येतो."

वाटेत मी गाडीत हुंदके देऊन रडले. समोरच्या बाईने आपला डबा उघडून बिस्किटं पुढे केली. सगळी खाल्ली.

२३ ऑक्टोबर, बुधवार

झालं.

या विधीसाठी वेगळाच जोडा असतो, सगळा चामड्याचा, एकही खिळा नाही. गोथेनबर्गहून मागवला होता. पाच पुरुष पंच म्हणून बसलेले. नाफ्तालीने उजवा पाय धुतला, जोडा घातला, जमिनीवर टाच रोवून उभा राहिला. मी वाकून वाद्या सोडायच्या, तेही एका हाताने. दोन बोटं नाहीत त्याच्या पायाला. थंडीने गेलेली. मला माहीतच नव्हतं. विचारलंच कुठे मी?

जोडा काढला, फेकला. मग थुंकायचं.

थुंकीच येईना!

विधीच्या दिवशी सकाळपासून खायचं नसतं. तोंड नुसतं कोरडं. मी आवंढे गिळतेय, पाच जण वाट बघताहेत. रब्बी म्हणाले, "सावकाश, पोरी." पाणी पिऊन चालत नाही, स्वतःचीच हवी. आणि मी म्हणे मनापासून थुंकणार होते!

नाफ्ताली हळूच पुटपुटला, "वहिनी, लिंबाचा विचार कर."

हसू आलं. मग जमलं.

"भावाचं घर न उभारणाऱ्याचं असं होवो," हे मला म्हणावं लागलं. त्याच्या तोंडावर. सगळे म्हणाले, मोकळी, मोकळी, मोकळी.

२४ ऑक्टोबर

लग्नाची तारीख ठरवायला गेले. दार हळू लावलं. रब्बींनी आनंदाने लेखणी उचलली. "आता तरी सांग मुलाचं नाव."

"झेलिग काट्झ."

लेखणी खाली ठेवली.

"काट्झ? म्हणजे पुरोहितांच्या वंशातला? कोहेन?"

"हो. मग? विधवा चालते त्यांना. आम्ही विचारलंय."

"विधवा चालते. घटस्फोट झालेली चालत नाही. आणि दिराने मोकळी केलेली, तीही चालत नाही." मग अगदी हळू, "म्हणून तर विचारलं होतं, पोरी. पहिल्याच दिवशी."

२५ ऑक्टोबर

झेलिगला सांगितलं. रंधा थांबला.

"सणाला बाबा शाल डोक्यावर ओढून, हात वर करून सगळ्यांना आशीर्वाद द्यायचे," तो म्हणाला. "त्यांच्यानंतर मी देतो. तुझ्याशी लग्न केलं की तो हक्क गेला."

"आणि छत्रही गेलं. कोणताही रब्बी लावणार नाही."

"हं."

"मग?"

रंध्यावरचा भुसा त्याने फुंकला. माझ्याकडे बघेना. मला वाटलं, आता हा नाही म्हणणार, आणि मी त्याला मारणार, आणि मग मरणार.

"मग गेला तो हक्क," तो म्हणाला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

नगरपालिकेत लग्न झालं. पाच मिनिटं. साक्षीला इल्का आणि नाफ्ताली. कारकुनाने नाफ्तालीला विचारलं, वधूचे तुम्ही कोण?

"भाऊ," तो म्हणाला.