निळा पास, सोमवार ते शुक्रवार

१ जानेवारी, सकाळी

नवी डायरी. संकल्प एकच. यंदा गुंडीला आपल्याकडे ओढायचं.

गुंडी म्हणजे माझी एकुलती नात. लेकीची मुलगी, या महिन्यात नऊची होईल. व्याही तिच्याच घरात राहतात, त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या तिला त्यांचंच तोंड दिसतं. मी दोन बसस्टॉप पलीकडे, एकटा. शर्यतच मुळी बरोबरीची नाही. त्यात मी मुलीकडचा. लग्नापासून मान खाली घालून हसतोय, आता मानेला तसंच वळण पडलंय.

व्याह्यांनी आधी सायकल आणली. मग माशांची टाकी. मी गप्प बसलो. पण आज सकाळी थीम पार्कच्या खिडकीवर जाऊन वार्षिक पास काढून आलो. एक आजोबा, एक मूल. वर्षभर कितीही वेळा जा. मासे काय, आठ दिवसांत मरतात.

सोनेरी पास होता, निळा होता. सोनेरी तिप्पट महाग. पार्क तेच, पाळणे तेच, मग रंगाचे पैसे कोण देणार? निळा घेतला. छत्तीस वर्षं सरकारी खरेदी विभागात काढलीत. मला आजवर कोणी काही विकू शकलेलं नाही. खिडकीतल्या मुलीने विचारलं, अटी वाचल्यात ना काका. म्हटलं, बाळ, अटी मी लिहायचो.

३ जानेवारी

गुंडीला फोन. तिने आनंदाने किंचाळायला हवं होतं. कधी जायचं एवढंच विचारलं. आनंद मनात ठेवते, माझ्यावर गेलीय. रविवारी जायचं ठरलं.

५ जानेवारी, रविवार

निळा पास सोमवार ते शुक्रवार चालतो. शाळांच्या सुट्ट्यांमध्ये चालत नाही.

हे खिडकीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं असं गेटवरच्या शिपायाचं म्हणणं. ठळक अक्षरं मी कधीच वाचत नाही. खरी गोम बारीक अक्षरांत असते, हा आमच्या खात्याचा पहिला धडा.

पास लावला की मशीन लाल व्हायचं. मी चार वेळा लावला. मागे रांग. गुंडी म्हणाली, असू दे आजोबा. तिला सांगितलं पार्क दुरुस्तीसाठी बंद आहे. तेवढ्यात भिंतीमागून मोठा पाळणा माणसांसकट वर आला. म्हटलं, टेस्टिंग चाललंय.

मग तिला वचन दिलं. मीही आत कधी गेलेलो नाही, आपण दोघं पहिल्यांदा जाऊ ते एकत्रच. तोवर मी पाऊल ठेवणार नाही. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग मान डोलावली. फार गोड पोर आहे. आइसक्रीम खाऊन परत.

२० जानेवारी, सोमवार

पार्कात जाऊन आलो. एकटाच.

यात वचन मोडण्याचा प्रश्नच येत नाही. वचन सहलीचं होतं, हे इन्स्पेक्शन. तपासणी केल्याशिवाय माल ताब्यात घेऊ नये. शिवाय पास नुसता पडून राहिला तर त्याचा एकेक दिवस वाया जातो.

मोठे पाळणे खालून तपासले. समाधानकारक. लहान मुलांच्या छोट्या ट्रेनमध्ये मात्र बसून पाहिलं. गुडघे कानाला लागले. ट्रेनवाली बाई म्हणाली, काका, मूल कुठंय? म्हटलं, शाळेत. तिने घंटा वाजवली आणि ट्रेन सोडली. बाई समजूतदार आहे.

११ फेब्रुवारी

निळा पास आजपासून दीडपट महाग! म्हणजे मी काहीही न करता, नुसता सोफ्यावर बसून कमावलं. याला म्हणतात नजर.

लगेच लेकीकडे गेलो. व्याह्यांच्या कानावर सहज घातलं. ते म्हणाले, वा वा, छान छान, चहा घ्या. आतून जळफळाट झाला असणार. चहात साखर कमी होती.

३ मार्च, सोमवार

पार्कचा वाढदिवस. निळा पास निम्म्या किमतीत, वर टोपी फुकट.

बाजार म्हटला की चढउतार आलाच. घाबरतो तो कच्चा. टोपीचा दर्जा काय असेल तेही मला ठाऊक आहे.

रात्री जेवण गेलं नाही. त्याचा याच्याशी संबंध नाही.

४ मार्च

पार्कात जाऊन टोप्या बघितल्या. बऱ्या आहेत.

२८ एप्रिल

शाळांना सुट्टी लागली. पास बंद. लेकीने विचारलं, बाबा, गुंडीला नेणार होता ना? तिला म्हटलं, सुट्टीत पार्कात ही गर्दी असते, पोरं आजारी पडतात, मी तज्ज्ञांचं वाचलंय. लेक म्हणाली, बरं. हल्ली ती माझ्याशी फार पटकन सहमत होते.

आता दोन महिने घरी. टीव्हीवर गाणी बघितली. आज सोमवार, सकाळी चुकून बूट घातले.

१७ जून

स्फोटक बातमी. लेकीच्या तोंडून निसटलं की व्याह्यांकडे सोनेरी पास आहे. त्यांचा आणि गुंडीचा. विचारलं, कधी काढला? तर म्हणे जानेवारीतच. विचारलं, मग जातात का दोघं? त्यावर लेक म्हणाली, दूध उतू जातंय, आणि आत गेली.

मी शांतपणे विचार केला. माणसाचे दोन्ही गुडघे गेलेले. जिना चढताना तीनदा थांबतो. तो पार्कात काय जाणार? पास कपाटात पडलेला असणार. तिप्पट पैसे, शून्य फेऱ्या. मला तर कीवच आली त्यांची. जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते दचकले.

गुंडीला मात्र आडून विचारलं, पार्क कसं असेल गं? ती म्हणाली, काय माहीत आजोबा, आपण गेलो की कळेल.

बघा! थांबलीय माझ्यासाठी.

१४ जुलै, सोमवार

शाळा सुरू, पास सुरू. गेटवरचा शिपाई सलाम ठोकतो. ट्रेनवाली बाई मला सोमवारचे काका म्हणते. गर्दी नसली तर दोनदा फिरवते. दर फेरीगणिक पास स्वस्त होत चाललाय. आतली कॉफी महाग आहे, पण कॉफीचा खर्च कॉफीच्या खात्यात. तो पासात धरणं म्हणजे हिशेब न येणाऱ्याचं लक्षण.

खरं लिहायचं तर सोमवार बरा जातो. मंगळवार लांबतो.

९ सप्टेंबर

पार्कने निळा पास विकणं बंद केलं! यापुढे मिळणार नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच. माझ्या पाकिटात आता दुर्मीळ वस्तू आहे. इस्त्रीवाल्याला दाखवली. त्याने विचारलं, विकता येतो? म्हटलं, नाही, नावावर असतो. म्हणाला, मग? या लोकांना काय सांगायचं!

१० सप्टेंबर

पार्कचं पत्र. निळा पास संपल्यावर नूतनीकरण होणार नाही.

१४ ऑक्टोबर

आला! आला! गुंडीच्या शाळेला येत्या मंगळवारी सुट्टी. शिक्षकांचं ट्रेनिंग. एकट्या तिच्याच शाळेला, त्यामुळे पार्कच्या यादीत नाही. बारा महिन्यांत मिळालेला हा एकच वार. लेकीला म्हटलं, मंगळवार माझा. व्याह्यांनी काही हरकत घेतली नाही. घेणार कुठल्या तोंडाने!

एकच अडचण. मी पहिल्यांदा आत जातोय असं दिसायला हवं.

१८ ऑक्टोबर

आरशासमोर सराव. डोळे मोठे, भुवया वर, हळूच अरे बापरे. पहिल्या खेपेला दात दुखल्यासारखं दिसलं. संध्याकाळपर्यंत जमलं. शिपायाला काल जाऊन सांगून आलो, मंगळवारी सलाम नको. ट्रेनवाली बाई रजेवर होती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, संध्याकाळी

क्रमाने लिहितो.

मशीन हिरवं झालं. आत शिरताच गुंडी म्हणाली, अय्या, केवढं मोठं! मी म्हणालो, अरे बापरे! दोघांचंही छान झालं.

पोरीची दिशेची जाण विलक्षण. नकाशा न बघता थेट कारंज्यापाशी. स्वच्छतागृह कुठे तेही कळलं. या पाळण्याची रांग दुपारी कमी असेल असं वाटतं, म्हणाली. आणि खरंच कमी. मला भरून आलं. उद्या ही मोठ्या हुद्द्यावर जाणार. एकदा माझ्या तोंडून गेलं, तिकडून नको, तिकडे नळ गळतो. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, वास आला पाण्याचा.

मोठ्या पाळण्यात बसलो. मी, या वयात! वर गेल्यावर डोळे मिटले. गुंडीने हात धरला आणि म्हणाली, घाबरू नका आजोबा, मीपण पहिल्यांदाच बसतेय.

मग छोटी ट्रेन. ट्रेनवाली बाई रजेवरून परतलेली. तिने मला बघितलं, गुंडीला बघितलं, आणि हात जोडून म्हणाली, अगंबाई! सोमवारचे काका आज मंगळवारी? आणि ही आमची रविवारची गुंडी तुमचीच का हो?

घंटा. ट्रेन सुटली.

बोगद्यात गुंडीने विचारलं, तुम्ही दर सोमवारी येता? म्हटलं, तपासणीला. बोगदा संपल्यावर मी विचारलं, तू दर रविवारी? तर म्हणाली, दर नाही काही, पाऊस असला की नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मीही माझ्या बाजूला खिडकी नसताना बाहेर बघत होतो.

व्याही! कोवळ्या पोरीला खोटं बोलायला शिकवलं. उद्या जाऊन एकदाचं स्पष्टच बोलणार. मुलीकडचा वगैरे खड्ड्यात गेलं.

२२ ऑक्टोबर

गेलो. बोललो. आवाज चढवून. माशांची टाकीसुद्धा हादरली असेल.

व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, अहो व्याहीबुवा, मी तिला कितीदा सांगितलं की त्यांना सांगून टाक. तीच ऐकेना. म्हणते, त्या आजोबांना पहिल्यांदा माझ्याबरोबर जायचंय, त्यांना कळलं तर त्यांचं पहिल्यांदा होणार नाही. घरात सगळ्यांना दम दिला होता तिने. सूनबाई त्या दिवशी दुधाचं काहीतरी बोलून वेळ मारून नेऊ शकली म्हणून बरं.

म्हणजे नऊ वर्षांची पोर दहा महिने तोंडाला कुलूप लावून बसली. आणि मी पंधरा दिवसांत इन्स्पेक्शनला गेलो.

फार वाईट वाटलं. फार.

अर्थात गुप्तता पाळणं हे आमच्याच घराण्याकडून आलंय. टेंडरं उघडेपर्यंत माझ्या तोंडून कधी आकडा फुटला नाही. व्याह्यांकडचे लोक बडबडे आहेत.

चहा घेतला. साखर ठीक होती.

१ डिसेंबर

पार्कची नवीन योजना. निळा गेला, सोनेरी दुप्पट महागला. त्याऐवजी 'आजोबा आणि मी' नावाचा पास, सातही दिवस, परवडेल असा. अट वाचली. या वेळी ठळकही वाचली आणि बारीकही. एका मुलामागे एकच आजोबा.

व्याह्यांनीही वाचलीय. आज फोनवर आम्ही दोघं हवामानावर बरंच बोललो.

लेक म्हणाली, तुम्ही दोघं भांडू नका, गुंडीच ठरवेल. मान्य. निवड खुल्या पद्धतीने व्हावी.

७ डिसेंबर

तुलनात्मक तक्ता केला. गुडघे: मी चांगले, ते वाईट. ट्रेनमध्ये सोबत बसणे: मी हो, ते बाकावर. मोठा पाळणा: मी एकदा, ते कधीच नाही. सहवास: ते रोज. हा मुद्दा काढून टाकला, पार्काशी संबंध नाही.

निकाल स्पष्ट आहे. झोप मात्र येत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

गुंडी माझ्याकडे आली. लेक खाली दुकानात. गुंडी सोफ्याच्या टोकाला बसली आणि म्हणाली, आजोबा, तुम्हाला एक सांगायचंय, पण रागावू नका.

तिला पुढच्या महिन्यात दहा पूर्ण होतायत. दहाच्या पुढच्या मुलींसाठी पार्कात चौघींचा पास असतो. मैत्रिणींनी ठरवलंय. त्यात मोठं माणूस लागत नाही. कुणी सोडायला आलंच तर गेटपर्यंत.

मी म्हटलं, अरे वा.

मग ती जवळ सरकली. म्हणाली, मी एकतीस तारखेला जेवताना सगळ्यांना सांगणार आहे. पण तुम्हाला आधी सांगितलं. फक्त तुम्हाला. त्या आजोबांना वाईट वाटेल, म्हणून तुम्हालापण तेव्हाच कळलं असं दाखवाल का?

दाखवेन म्हणजे काय! जीव ओवाळून टाकावा अशी पोर.

ती गेल्यावर खोलीत फेऱ्या मारल्या. पास कोणाला मिळाला हा मुद्दाच नाही. तो काय, प्लास्टिकचा तुकडा. आधी कोणाला सांगितलं? मला! फक्त मला! जिंकलो. बिचारे व्याही. त्या दिवशी त्यांच्या शेजारीच बसेन. आधार लागेल त्यांना.

३१ डिसेंबर

लेकीकडे जेवण. मी व्याह्यांच्या शेजारी. त्यांनी मला मोठ्या मायेने वाढलं, पाण्याचा पेलाही भरून दिला. का कोण जाणे, माझ्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला.

जेवण होत आलं तशी गुंडी उभी राहिली. म्हणाली, मला एक सांगायचंय. मी डोळे मोठे करायला घेतले आणि धीर द्यावा म्हणून व्याह्यांकडे वळलो.

तिने पुढचा शब्द उच्चारला नव्हता, आणि व्याह्यांच्या भुवया कपाळावर जाऊन तोंडाचा आ झालेला होता.