भैरू मातीचं दहावं कार्ड

६ जानेवारी २०२५, सोमवार

पोचले एकदाची पुण्याला! वाशीमहून ट्रॅव्हल्समध्ये मान अवघडली होती, पण सिंहगड रस्त्यावरची ही खोली पाहिली आणि सगळा शीण पळाला. तिसरा मजला, पूर्वेला खिडकी आणि छातीइतकं उंच लोखंडी कपाट. घरमालकीण सुशीलाबाईंनी चावी देण्याआधी नियम ऐकवले. गिझर दहा मिनिटं, पाहुणे अजिबात नाहीत, चपला दाराबाहेर. जिना रोज झाडला जातो, तेव्हा वऱ्हाडातली धूळ वऱ्हाडातच ठेवून यायची होती, असंही म्हणाल्या. मी हसले, त्या हसल्या नाहीत. म्हटलं चला, पुण्यात आल्याची खात्री पटली.

मृदा सर्वेक्षणाच्या कचेरीत अकरा महिन्यांचं कंत्राट आहे. फॉर्म भरताना कारकुनाने भिंतीला उभं करून माझी उंची मोजली, १५८ सेंटिमीटर. आईला फोन केला तर तिने आधी जेवणाचंच विचारलं.

८ जानेवारी, बुधवार

आमच्या विभागप्रमुख जिनत मॅडम कमी बोलतात आणि सगळं बघतात. त्यांनी काम समजावून दिलं. सर्वेक्षक खड्डा खणून घेतो, आत उतरतो, वरपासून तळापर्यंत मातीचे थर मोजतो आणि प्रत्येक थराचा रंग, पोत, चुना, मुळं एका कार्डावर लिहितो. जुळणाऱ्या कार्डांची मिळून एक श्रेणी होते आणि ती माती पहिल्यांदा जिथे सापडली त्या गावाचं नाव श्रेणीला मिळतं. श्रेणी पक्की व्हायला आमच्या कचेरीत किमान दहा कार्डं लागतात.

माझ्या वाट्याला ‘भैरू’ श्रेणी आली आहे. नऊ कार्डं आहेत, १९६८ ते २०११ मधली, नऊ वेगवेगळ्या अक्षरांतली. सगळ्यांवर तेच पाच थर. मातीची एकूण जाडी तेवढी वेगळी, कुठे १६८ सेंटिमीटर, कुठे १७४. दहावं कार्ड मिळवायचं आणि महिनाअखेर अहवाल द्यायचा. दिला तर नोकरी टिकेल, नाहीतर वाशीमची गाडी. भैरू नावाचं गाव मात्र कुठल्याच तालुक्याच्या यादीत सापडलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

खडकवासल्याच्या बाजूला आज चौथी फेरी. नकाशावर जिथे जिथे ही माती असायला हवी, तिथे आता सोसायट्या, पार्किंग आणि मंगल कार्यालयं आहेत. खांद्यावर फावडं घेऊन मी हिंडतेय. एका वॉचमनने मला पाण्याची टाकी साफ करायला आलेली समजून थेट गच्चीवर पाठवलं. हसू आलं आणि मग रडूही आलं.

२९ जानेवारी, बुधवार

करून टाकलं. खोलीत पलंगावर बसून दहावं कार्ड मनानेच भरलं. थर जुन्या कार्डांवरून उतरवले : वरून १८ पर्यंत काळी, भुसभुशीत, बारीक मुळं, ४० पर्यंत घट्ट, हवा कमी, ७६ पर्यंत चिकण, वाळल्यावर भेगा, १२० पर्यंत चुनखडीचे खडे, त्याखाली तळापर्यंत पिवळा मुरूम. कार्ड भरायच्या अ‍ॅपने ठिकाण आपोआप घेतलं, म्हणजे माझ्याच खोलीचं, आणि ते बदलूच देईना. एकूण जाडीच्या रकान्यात डोक्यात आला तो आकडा टाकला, १५८. तरी कार्ड कोरडंच वाटत होतं. खरं वाटावं म्हणून वरच्या थरात माझ्या पदरचं एक घातलं : गांडुळं, भरपूर.

३१ जानेवारी, शुक्रवार

अहवाल मंजूर! इतकं व्यवस्थित कार्ड बऱ्याच वर्षांनी पाहिलं, असं मॅडम म्हणाल्या. मला लाज वाटली, पण आनंद जास्त झाला. मंडईतून अंजिरं आणली आणि सुशीलाबाईंना दिली. त्यांनी ती घेतली आणि विचारलं, की अंजिरं ठीक आहेत, पण जिन्यात सांडलेला मुरूम आपण उचलणार की महापालिकेला बोलवायचं. मी तर आज ऑफिस आणि मंडई सोडून कुठेच गेले नव्हते.

३ फेब्रुवारी, सोमवार

रोज सकाळी चादरीवर पायाकडच्या बाजूला पिवळा चुरा पडलेला असतो. टाचा दुखत नाहीत, नुसत्या भुगा होऊन पडतात. मातीचा रंग ताडून पाहायचं रंगपुस्तक आमच्याकडे असतं. आज ते टाचेला लावलं आणि चौकोन अचूक जुळला. तो मी कार्डावर तळाच्या थरासाठी लिहिलेलाच रंग होता.

डॉक्टरांनी कोरडी त्वचा सांगून मलम दिलं आणि पुण्याच्या हवेत असं होतं म्हणाले. मला फार भीती वाटतेय.

५ फेब्रुवारी, बुधवार

टेप लावून मोजलं. तळव्यापासून बरोबर ३८ सेंटिमीटरपर्यंत मुरूम, त्याच्यावर माझी कातडी. १५८ मधून ३८ गेले की १२० उरतात. कार्डावर मुरमाची हद्द हीच आहे.

रेकॉर्ड रूममध्ये शमशुद्दीन चाचा बसतात, त्यांच्या आधी त्यांचे वडील बसायचे. त्यांना त्या नऊ सर्वेक्षकांबद्दल विचारलं. चाचांनी चष्मा काढून ठेवला. मग एकाचं सेवापुस्तक उघडून उंचीवर बोट ठेवलं : १६८. त्याच्या कार्डावर मातीची जाडी १६८. दुसऱ्याची १७४, जाडी १७४. दोघांच्या कार्डावरचं ठिकाण म्हणजे त्यांच्या राहत्या घराचा पत्ता. पहिल्या साहेबाखेरीज यातलं कुणीही पेन्शनच्या कागदांवर सही करायला आलं नाही, असं चाचा म्हणाले.

वडिलांकडून ऐकलेलं चाचांनी पुढे सांगितलं : भैरू हे गाव नव्हतंच. खड्डे खणणारा मजूर होता. साहेबाला खड्ड्यात उतरायचा कंटाळा, म्हणून भैरूला त्याच्या झोपडीपुढे उभं केलं, त्याच्या उंचीइतकी जाडी लिहिली आणि कार्ड टेबलावर पूर्ण केलं. भैरू त्यानंतर कुणाला दिसला नाही. पुढच्या आठांनी तेच स्वतःच्या घरी बसून केलं. मी चिडून विचारलं, की आधी का नाही सांगितलं. चाचा म्हणाले, की प्रत्येकाला सांगत आलोय, बेटा, खड्डा खरा खण. फायली सांभाळणाऱ्याचं कोण ऐकतं. मलाही सांगितलं होतं म्हणे, रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. आठवलं. मी हसून ‘हो चाचा’ म्हणाले होते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमना सगळं कबूल केलं. कार्ड खोटं आहे, काढून टाका, मला नोकरीवरूनही काढा. त्या शांतपणे म्हणाल्या, की तसं आधी सिद्ध करा. मी चादरीवरचा चुरा पिशवीत घालून प्रयोगशाळेत एजाजकडे दिला. माणसाच्या कातडीचा चुरा निघाला की कार्ड आपोआप रद्द होईल, असं वाटलं.

एजाजने निकाल दिला : भैरू श्रेणी, सगळे गुण जुळतात. आणखी नमुना मिळेल का, असंही त्याने विचारलं.

मॅडमनी निकाल कार्डाला जोडला. माती खरी आहे, मग खरं कार्ड कसं काढायचं, असा त्यांचा प्रश्न. माझ्याच हाताने मी ते पक्कं केलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

गुडघे वळत नाहीत. मांडीत खडे लागतात. आम्लाचा थेंब टाकला — फसफसलं. चुनाच.

जिना उतरणं संपलं. सुशीलाबाई डबा घेऊन वर आल्या. मी चादर बाजूला करून पाय दाखवले. त्यांनी एकदाच पाहिलं आणि नजर फिरवली. मग खाली सांडलेली माती सुपलीत भरली आणि बाल्कनीतल्या कुंड्यांत टाकली. माती मात्र छान आहे हो, म्हणाल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कमरेच्या वर चिकण. श्वास घेतला की पोटावर भेगा पडतात. पाणी प्यायलं की बुजतात. म्हणून पाणी पितेय.

हात खाली सोडला की बोटं खडे होतात. वर उचलला की पुन्हा माझी. वही कपाटावर ठेवलीय आणि उभ्यानेच लिहितेय. बसता तर येतच नाही.

आईचा फोन आला. उचलताना हातून पडला. वाकता येत नाही. खाली वाजतोय. जेवलीस का, हेच विचारायचं असणार —

१२ फेब्रुवारी

छातीपर्यंत. घट्ट. हवा कमी, मीच लिहिलं होतं — हवा कमी.

सुशीलाबाई आल्या होत्या. ओरडले, आवाज थोडाच निघाला. कुंडीत गुलाब फुलल्याचं सांगून गेल्या. दार ओढून घेतलं.

ऑफिसात कुणी अस्मिता आज रुजू झाली म्हणे. मेसेज आला असावा, फोन उजळला तेवढं वाचता आलं. तिला कुणीतरी सांगा, खड्डा खरा —

१३

मानेपर्यंत. आता फक्त वरचे अठरा.

मुळं आली. केसांतून आत. दुखत नाही. आई, दुखत नाही ग —

थर उतरवताना नऊही कार्डं वाचली होती. पुन्हा पुन्हा आठवून पाहतेय. वरचा थर : काळी, भुसभुशीत, बारीक मुळं. बस. तिथे संपतं. त्या नऊ जणांचं तिथेच संपलं.

गांडुळं कुणाच्याच कार्डावर नव्हती. ती मी, खरं वाटावं म्हणून —

कानात काहीतरी हल