आयता खड्डा

रेक्याविक

बाबा, सुखरूप असा.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. पण तुम्हाला म्हणावं तरी काय? बर्फाखालचा आपला ज्वालामुखी हजार वर्षांत किती वेळा फुटला, ते राखेच्या थरांवरून मोजायला मी कुरणात खड्डा खणला आणि तुम्ही त्यात मेलेला मेंढा पुरलात! वर म्हणता, "आयता खड्डा होता."

ज्वालामुखी फुटला तर गाव सोडून पळायचं, त्या सरावाचा भोंगा वाजला तरी तुम्ही मेंढ्याच गोळा करत होतात, असं रागनामावशीने कळवलं. गुडघा कसा आहे?

सांगणार नव्हते, पण सर्वांत जाड थराखाली मेंढ्यांची हाडं निघाली. त्यांच्यामागे चामड्याचा एक जोडा. तो इथे माझ्या टेबलावर आहे. अगदी तुमच्या मापाचा.

चिडलेली, तरी तुमचीच,
आल्डीस