मेसन म्हणजे गवंडी

प्रिय बाई,

पत्र लिहायची मला सवय नाही, हे तुम्हाला माहीत आहे. हॉस्टेलवरूनही मी तुम्हाला फक्त पोचल्याचं कळवायचे. आज लिहितेय, कारण शुक्रवारच्या आत मला एक उत्तर द्यायचंय आणि त्याची अर्धी माहिती तुमच्याकडे आहे. आधी घडलं ते क्रमाने सांगते.

१. मागच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. तुमची पत्र्याची पेटी मी नांदेडच्या खोलीवर आणली आणि उघडली नाही.

२. पंधरा दिवसांपूर्वी उघडली. जुन्या हजेरीपटांच्या खाली एक पोस्टकार्ड होतं. वर पत्ता: मेसनबाई, मुलींची शाळा, लातूर.

३. मजकूर असा: "आमच्या भावाची पोरगी नंदा, वय दोन. डाव्या कोपरावर भाजल्याची खूण. आपण दवाखान्यात लेकरं सांभाळता असे कळले. आपल्याकडे असल्यास कळवावे. काशिनाथ बिराजदार."

४. माझ्या डाव्या कोपरावर भाजल्याची खूण आहे.

५. गेल्या रविवारी मी पोस्टकार्डावर लिहिलेल्या गावी, औशाच्या पुढे, गेले. काशिनाथ बिराजदार जिवंत आहेत. ते माझे काका आहेत.

६. गावात भूकंपात गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. त्यावर माझ्या वडिलांच्या, आईच्या आणि भावाच्या खाली माझं नाव आहे.

एवढंच घडलं. आता बाकीचं.

तुम्ही मला नेहमी सांगितलंत की दवाखान्यात मला विचारायला कुणीच आलं नाही. कारकुनाने नाव विचारलं, मी "नंदा" म्हणाले, आडनाव सांगता आलं नाही, म्हणून तुम्ही तुमचं लिहिलंत. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की ती मला आठवते असंच वाटायचं. कुणीच आलं नाही हे खरंच आहे, बाई. पण पत्र आलं होतं ना!

पोस्टाचा शिक्का मी भिंगाखाली पाहिला. तारीख वाचता येते. तेव्हा मी अजून दवाखान्यातच होते. शाळेत नाव घालायला तीन वर्षं होती.

आडनावाबद्दल मी पहिल्यांदा चिडले ती आठवीत. वर्गात सगळ्या पाटील, जाधव, शेख. मी एकटी मेसन. लातूरच्या फोनच्या डिरेक्टरीत तर आपण दोघीच! तुम्ही तेव्हा खुर्ची ओढून मला समोर बसवलंत आणि शिकवायच्या आवाजात सांगितलंत, "मेसन म्हणजे गवंडी. दगड घडवणारा." फ्रेंच बोलणाऱ्या राजांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्याबरोबर हा शब्द आला. मोठी चर्चं बांधणारे कारागीर या गावातून त्या गावात जायचे. लोक त्यांना त्यांच्या कामाने ओळखायचे, मग मुलांनाही तेच चिकटलं, मग नातवंडांना. हातात छिन्नी नसली तरी आडनाव राहिलं.

"मग तुमचे पणजोबा गवंडी होते?" मी विचारलं.

"नाही गं. ते भोकरकडच्या पाद्रीसाहेबाचं पाणी भरायचे. चर्चच्या वहीत लिहिताना साहेबाने विचारलं, आडनाव काय? त्यांना गावाने ठेवलेलं नाव सांगायचं नव्हतं. ते म्हणाले, तुमचंच लिहा."

"आणि साहेबाने दिलं?"

"दिलं. कोट मागितला असता तर कदाचित दिला नसता."

तुम्ही हसलात. मी हसले नाही. मला वाटलं, मागून घेतलेलं आडनाव म्हणजे अंगात न बसणारं काहीतरी.

आता इंग्लंडच्या एका कंपनीचे आराखडे आमच्या ऑफिसात तपासायला येतात. तिथला एकजण फोनवर म्हणाला, आमच्या गल्लीत तीन मेसन आहेत, तू चौथी. अमेरिकेत तर म्हणे आता मुलाचं पहिलं नावच मेसन ठेवतात. तुम्हाला हे सांगायचं राहून गेलं. लेकराला हाक मारायची, "ए गवंडी, जेवायला ये!" तुम्ही किती हसला असतात!

बारावीच्या निकालाच्या वेळचं आठवतं? क्लासच्या बोर्डावर माझा फोटो लावायचा होता. सर म्हणाले, "मॅडम, आडनाव जरा वेगळं पडतं. पालक विचारतात, मुलगी कुठली? नुसतं नंदा एम. टाकू का?"

तुम्ही पर्स मांडीवर ठेवलीत. "दोन वर्षं पहिल्या बाकावर बसली तेव्हा आडनाव चाललं. आता फोटो टांगताना टोचायलं का?"

"तसं नाही मॅडम..."

"तसंच आहे. पूर्ण नाव लावा, नाहीतर फोटो परत द्या. चांगला आलाय, मी घरात लावीन."

चौकात सगळ्यात मोठ्या अक्षरांत मेसन लागलं. मी त्या रस्त्याने आठवडाभर गेले नाही. तुम्ही मात्र रोज भाजी आणायला तिकडूनच जायचात. मला माहीत होतं. मी कधी बोलले नाही, याची आता चुटपुट लागते.

पण बाई, मेसन म्हणजे काय हे तुम्हाला पूर्ण माहीत होतं. मी दगडाच्या भिंतीखालून निघालेली मुलगी. दोन हात जाडीची भिंत, मधे नुसता चिखल, दोन्ही बाजू बांधून धरणारा एकही आरपार दगड नाही. वर मातीचं माळवद. अशा पोरीला भिंती बांधणाऱ्याचं आडनाव द्यावंसं का वाटलं तुम्हाला? मी इंजिनिअर होईन हे तर तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

काकांनी मला घराची जागा दाखवली. आता तिथे बाभळी आहेत. काका एका पायाने लंगडतात. भूकंपानंतर सोलापूरच्या दवाखान्यात पडून होते, तिथूनच त्यांनी पत्र टाकलं.

"मोठी विंजिनेर झालीस म्हन की," ते म्हणाले. "मग सांग, इतक्या जाड भिती कशा काय पडल्या?"

मी म्हणाले, "भिंतींपेक्षा छपराचं ओझं जास्त होतं, काका."

ते एका बाभळीखाली टेकले. "दर साली पावसाच्या आदी पांढरी माती टाकायचो आमी माळवदावर. गळू नये म्हनून. जुनी काढायची न्हाई, नवी वर टाकायची. तू झाल्यावर तुझा बाप दोन पाट्या जास्तच टाकायचा. पोरगी भिजंल म्हनायचा."

मी रोज छपरांचा भार काढते. त्या दोन पाट्यांचा काढला नाही. काढायचाही नाही.

मग त्यांनी विचारलं, "पत्र टाकलो होतो की गं. त्या बाईला मिळालं न्हाई वाटतं?"

पोस्टकार्ड माझ्या बॅगेत होतं. मी म्हणाले, "नाही मिळालं."

"तेच म्हनतो. जवाब आला न्हाई, मग न्हाई राहिली समजलो. त्या टायमाला समजायला सोपं होतं. समदेच गेलेले."

बाई, मी मोजमापात खोटं लिहीत नाही, बोलण्यातही नाही. तुम्हीच लावलेली शिस्त. पहिलं खोटं तुमच्यासाठी बोलले, तेही चटकन. ते गेल्या रविवारपासून मला स्वस्थ बसू देत नाही. ड्रॉइंग उघडते, बंद करते. चहा गार होतो.

गावातला नावांचा जुना दगड तडकलाय. नवा ग्रॅनाइटचा बसवणार आहेत. शुक्रवारी उदगीरचा कोरणारा येतोय.

"तुझं नाव काढायचं का ठिवायचं, सांग," काका म्हणाले. "पर काढायचं तर बिराजदार लाव परत. बिराजदाराची पोरगी जित्ती हाय म्हनून काढतो. मेसनच ऱ्हायलीस तर आमची पोरगी गेलीच की! मग ऱ्हाऊ दे तिला आईबापापाशी."

त्यांच्या म्हणण्यात चूक काढता येत नाही. मी प्रयत्न केला.

बिराजदार लावलं तर दाखले बदलतील, सही बदलेल. ते जमेल. पण चर्चच्या मागे तुमच्या कबरीजवळ उभं राहून कुठल्या नावाने बोलू? तुमच्या मागे मेसन दुसरं कुणी नाही. आणि मेसन राहिले, तर त्या दगडावर मेलेली दोन वर्षांची मुलगी कोण?

बाई, तुम्ही ते पत्र वाचलं होतंत का? वाचून पेटीत ठेवलंत, की शाळेच्या टपालात कुठेतरी पडून बऱ्याच वर्षांनी सापडलं आणि मग सांगायची हिंमत झाली नाही? दुसरं असेल तर मला समजेल. पहिलं असेल तरी बहुधा समजेल. मी तेव्हा दोन वर्षांची होते, तुम्ही एकट्या होतात, आणि मी म्हणे तुमचं बोट सोडत नव्हते. पण समजून राहणं वेगळं, न कळता राहणं वेगळं.

एक शब्द देते. उत्तर काहीही असो, ते पोस्टकार्ड काका बघणार नाहीत. त्यांच्या हयातीत नाही, नंतरही नाही. त्यांच्यासाठी तुम्हाला पत्र मिळालंच नव्हतं. आणि दर दिवाळीत मी गावी जाईन, त्यांच्या घरी जेवीन, आडनाव कुठलंही असलं तरी.

काकांना मी गुरुवारी रात्री फोन करणार आहे. वाचलं होतं की नव्हतं, एवढंच गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत कळवा.

तुमची,
नंदा