तेल एकशे अकरा, बाकी सगळं उत्तम

४ फेब्रुवारी
एकतीस तास पूर्ण. नऊ वर्षं घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी बांधलेलं दोन सीटचं विमान एकतीस तास हवेत राहिलं आणि प्रत्येक वेळी मी ठरवलं तिथेच उतरलं. (एकदा शेजारच्या शेतात. पण तेही मीच ठरवलं होतं, जरा ऐनवेळी.) एकट्याने चाळीस तास उडवल्याशिवाय शेजारी कुणाला बसवायचं नाही, असा नियम आहे. राहिले नऊ. १८ एप्रिलला सासऱ्यांना नव्वद पूर्ण होतात. त्या दिवशी पहिला प्रवासी म्हणून त्यांना वर नेणार, असा शब्द मी सगळ्या घरासमोर दिला आहे. वेळच वेळ आहे.

एक क्षुल्लक बाब. वर चढताना इंजिन ऑइलचं तापमान १११ अंश. नव्वदच्या आसपास हवं. ११८ला लाल रेघ. म्हणजे अजून सात अंश ऐसपैस पडले आहेत. तरीही या शनिवार-रविवारी सोक्षमोक्ष लावून टाकतो.

६ फेब्रुवारी
निदान झालं. ऑइल गरम नाहीच. गेज खोटं बोलतंय. तीस वर्षं दातांचा डॉक्टर आहे. पेशंट बोट दाखवतो तो दात आणि किडलेला दात वेगळा, हे रोज बघतो.

सेन्सर आणि गेज दोन्ही काढून घरी आणले. पातेल्यात पाणी उकळून त्यात सेन्सर सोडला. गेजने शंभर दाखवलं. बरोब्बर शंभर.

दुपारी: पाण्यात गडबड असावी. फिल्टरचं पाणी घेतलं. शंभर.

संध्याकाळी: ते दुधाचं पातेलं होतं म्हणे. ही म्हणाली, गेज खरं बोलतंय हे कळलं ना, मग पातेलं वाया गेलं नाही असं समजू या. ही शाळेत भूगोल शिकवते. इंजिनाच्या बाबतीत तिला समजावत बसण्यात अर्थ नसतो.

९ फेब्रुवारी
हँगरमध्ये मेकॅनिकबाई भेटल्या. फ्लाइंग क्लबची सगळी विमानं त्याच बघतात, स्वतः उडवतातही. मी विचारलं नव्हतं तरी वाकून माझं काउलिंग बघितलं. काउलिंग म्हणजे इंजिनावरचं झाकण. पुढून थंड हवा आत शिरते, इंजिनावरून आणि ऑइल कूलरमधून जाते आणि खालच्या फटीतून बाहेर पडते. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, खालची फट फार अरुंद ठेवलीत. आणि आतल्या रबरी पट्ट्या उलट्या दुमडल्यात. हवा भलतीकडून पळते."

खालची फट मी मुद्दाम अरुंद केली आहे. सातव्या वर्षी, चार महिने खपून. विमानाचं पोट त्यामुळे कसं सुरईसारखं दिसतं! वेगही वाढला असणार. विमानाला मंजुरी देणारे सरकारी इन्स्पेक्टर पहिल्यांदा आले तेव्हा त्या जागी थबकून म्हणाले होते, "हे वेगळंच आहे." असं ते सहसा कुणाला म्हणत नाहीत.

बाईंना नम्रपणे सांगितलं की विचार करीन. केला. नाही.

१६ फेब्रुवारी
मोठा ऑइल कूलर बसवला. जुना वहीएवढा होता, हा पाटाएवढा. तो मावावा म्हणून आणखी एक पत्रा, दोन ब्रॅकेट, जाड पाइप. सासऱ्यांनी टॉर्च धरला. नऊ वर्षं तेच धरताहेत. मी एका बाजूने रिव्हेट मारायचो, ते दुसऱ्या बाजूने लोखंडी ठोकळा दाबून बसायचे. साडेअकरा हजार रिव्हेट. कधी कुरकुर नाही. फक्त अधूनमधून विचारतात, "जावईबापू, मग कधी?"

उड्डाण केलं. ११३.

नव्या कूलरला रुळायला वेळ लागेल.

१८ फेब्रुवारी
आजच्या अक्कलदाढेच्या पेशंटला ऑइल तापमानाचा सगळा विषय समजावून सांगितला. तोंडात ड्रिल असल्यामुळे त्यांना मध्ये बोलता आलं नाही, पण डोळ्यांवरून पटत होतं. पुढची अपॉइंटमेंट त्यांनी घेतली नाही. दात बरा झाला असणार.

२० फेब्रुवारी, सकाळी ९
८९!!!

चढतानासुद्धा ८९. मी वर एकटाच ओरडलो. कूलर रुळला. उतरल्या उतरल्या हिला फोन, सासऱ्यांना फोन, क्लबच्या सेक्रेटरींना फोन. मेकॅनिकबाईंना मुद्दाम हँगरमध्ये जाऊन सांगितलं. त्या हातमोजे चोळत म्हणाल्या, आज बाहेर सहा अंश आहे, माझ्या चहाचंसुद्धा तापमान खाली आलंय.

काही लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

२७ फेब्रुवारी
क्लबमध्ये माझं व्याख्यान. 'ऑइलचं तापमान: भ्रम आणि वास्तव.' सात श्रोते. एक जण खिडक्या बंद करायला आला होता, पण तोही बराच वेळ थांबला. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. बाईंनी हात वर केला. मी वेळ संपल्याचं जाहीर केलं.

५ मार्च
११४. ऊन वाढलंय.

दोष विमानाचा नसून दुपारचा आहे. यापुढे फक्त पहाटे उडायचं. वाढदिवसालाही सासऱ्यांना पहाटे पाचला नेऊ. हिने विचारलं, नव्वद वर्षांच्या माणसाला पाचला नेऊन अंधारात काय दाखवणार?

१२ मार्च
यापूर्वी कसं सुचलं नाही? हवा कमी पडते आहे, तर आणखी हवा आत घ्यायची! क्लिनिकमधला स्टीलचा ट्रे कापून, ठोकून काउलिंगच्या खाली एक तोंड बसवलं, वाऱ्याच्या समोर आ वासलेलं. दिसायला थोडं बेडकासारखं. पण काम महत्त्वाचं.

सासरे स्टुलावर बसून बघत होते. त्यांची चाळीस वर्षं बेकरी होती, भट्टीसमोर आयुष्य गेलं. म्हणाले, "जावईबापू, इतकी हवा आत घेताय, ती बाहेर कुठून जाणार?" मी हसून म्हटलं, नाना, हे विमान आहे, पावाची भट्टी नव्हे. ते म्हणाले, नाही, ते तर दिसतंय.

१९ मार्च
दुपारी तीनला गेलो. बेडकाची परीक्षा उन्हातच घ्यायला हवी होती. चारशे मीटरवर ११६. मला वाटलं आता उतरेल. पाचशेवर ११८, काटा लाल रेघेवर. तरी वाटलं उतरेल. मग १२१, आणि शेजारचा ऑइल प्रेशरचा काटा मुंगीच्या चालीने खाली यायला लागला. तापलेलं तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि इंजिनाला धरून राहत नाही. हे वाक्य माझ्याच व्याख्यानात होतं.

पॉवर कमी केली, वळलो. धावपट्टी फार लांब आणि फार बारीक दिसत होती. पहिल्यांदाच शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. त्यावर नाना असते तर, हे मनात आलं.

उतरलो. इंजिन बंद केल्यावर पंधरा मिनिटं आतच बसलो. इंजिन टिकटिक करत निवत होतं. हात थरथरत होते. सकाळी नाश्ता कमी झाला होता.

घरी काही बोललो नाही. उगाच काळजी करतात.

२० मार्च
हात अजून थरथरतोय. रूट कॅनॉलची केस पुढे ढकलली. रिसेप्शनिस्टने हिला फोन केला. ही शाळेतून थेट हँगरवर गेली आणि मेकॅनिकबाईंशी बोलून आली. त्यांनी कालचं उतरणं खालून बघितलं होतं.

रात्रीच्या जेवणाआधी हिने शांतपणे सांगितलं. "माझे वडील यात बसणार नाहीत. आणि तूही नाही." मी म्हटलं, परवानगी इन्स्पेक्टर देतात. ती म्हणाली, "ते विमानाची देतात."

सासरे पुढच्याच खोलीत होते. त्यांना ऐकू कमी येतं. पण टीव्ही बंद होता.

२३ मार्च
चार दिवस हँगरकडे फिरकलो नाही. जाहीर केलं की मला विश्रांतीची गरज आहे. सासरे मात्र रोज सकाळी डबा घेऊन बाहेर जातात. विचारलं तर म्हणाले, फिरायला. डबा घेऊन?

२७ मार्च
उघडकीला आलं. हँगरमध्ये गेलो तर माझ्या विमानाचं काउलिंग जमिनीवर, मेकॅनिकबाई आडव्या, आणि सासरे त्यांना टॉर्च धरून बसलेले. माझा टॉर्च!

काय चाललंय म्हणून विचारलं. सासऱ्यांनी सगळं नीट सांगितलं. त्यांनी खालच्या फटीच्या कडेला लोकरीचे धागे चिकटवले आणि बाईंना इंजिन सुरू करायला लावलं. हवा जोरात बाहेर पडत असती तर धागे फडफडले असते. ते नुसते लोंबत राहिले. "भट्टीची चिमणी तुंबली की आम्ही दारात असाच दोरा धरायचो," म्हणाले. "जावईबापू, तुमचं विमान श्वास घेतं, सोडत नाही."

फट पाच सेंटिमीटर रुंद कापली होती. रबरी पट्ट्या सुलट केल्या होत्या. बेडूक काढून खोक्यात ठेवला होता. सुरईचा गळा गेला. मला फार लागलं. मी बाहेर जाऊन धावपट्टीच्या कुंपणापाशी उभा राहिलो. थोड्या वेळाने सासरे हळूहळू चालत आले आणि शेजारी उभे राहिले. म्हणाले, "तुम्हाला न विचारता केलं, हे चुकलंच. पण मला वर जायचंय. आणि माझ्याकडे आता पुढच्या वर्षीचं असं काही नसतं."

मी त्यांना आत जाऊन बसा म्हटलं, ऊन फार आहे. डोळ्यांत कचरा गेला होता माझ्या.

२९ मार्च
हिने, बाईंनी आणि इन्स्पेक्टरांनी परवानगी दिली. बाहेर ३१ अंश. भर दुपार. चढताना ९३. वर गेल्यावर ८८. अर्धा तास काटा तिथेच.

अर्थात माझ्या मूळ डिझाइनमध्ये ही शक्यता होतीच. म्हणून तर ते पाच सेंटिमीटर कापता आले.

१० एप्रिल
चाळीस तास पूर्ण! सासऱ्यांनी नवे बूट घेतले. मी सांगितलं की विमानात चालायचं नसतं. ते म्हणाले, विमानापर्यंत चालायचं असतं ना?

१४ एप्रिल
प्रवाशाच्या मंजुरीसाठी इन्स्पेक्टर आले. इतके बदल केल्यावर विमानाचं पुन्हा वजन करावं लागतं, म्हणाले. केलं. पाटाएवढ्या कूलरने, पत्र्याने, पाइपांनी सात किलो वाढलं होतं. तेवढं चालतं. मग फाइलमध्ये बघून म्हणाले, वैमानिकाचं वजन ८८? मी म्हटलं, हो. ते माझ्याकडे बघत राहिले. हा फॉर्म नऊ वर्षांपूर्वी भरलाय, म्हणाले, जरा काट्यावर उभे राहता का.

१०९.

काटा दोनदा तपासायला लावला. नुकताच तपासलेला निघाला. मी बूट काढले. १०८.

सासरे ६०. कमीत कमी पेट्रोल धरूनसुद्धा आम्ही दोघं मिळून दहा किलो जास्त. चार दिवसांत दहा किलो उतरवायचे हा निश्चय मी तिथल्या तिथे केला. इन्स्पेक्टर म्हणाले, दुसरा कुणी वैमानिक आहे का? सगळ्यांनी एकाच दिशेने बघितलं. मेकॅनिकबाई ५५ किलो. मी विचारलंही नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

१८ एप्रिल
दुपारी ४: आकाश स्वच्छ. सासऱ्यांना मी स्वतः सीटवर बसवलं, पट्टे आवळले, हेडफोन लावले. त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं. बाईंनी इंजिन सुरू केलं. माझं विमान माझ्याशिवाय पळायला लागलं आणि उठलं. खालून कसं दिसतं हे मला नऊ वर्षांत माहीतच नव्हतं. चांगलं दिसतं.

मी खालून उड्डाणाचं नियंत्रण सांभाळलं. म्हणजे रेडिओ माझ्याकडे होता. दोन मिनिटांनी विचारलं, ऑइल किती? बाई म्हणाल्या, ९०. तीन मिनिटांनी विचारलं. ८९. पुन्हा विचारलं तेव्हा सासऱ्यांचा आवाज आला. "जावईबापू, तेल झकास आहे. मी नदी बघतोय. जरा गप्प बसता का?"

ही तिथे हसली आणि मग रडली. मग पुन्हा हसली.

४.५०: उतरले. केस उभे, बूट कोरे. पाच मिनिटं त्यांनी स्वतः दांडा धरला होता म्हणे, आणि विमान जराही हललं नाही. माझ्या हातात ते थोडं हलतं. नव्वदाव्या वर्षी त्यांनी खाली पाय टेकवले आणि विचारलं, "पुन्हा कधी?" बाईंना विचारलं.

मग ही गेली. ५८ किलो. ठरलेलं नव्हतं, पण पेट्रोल होतं आणि बाई मोकळ्या होत्या.

सासरे आणि मी कुंपणापाशी थांबलो. बराच वेळ दोघंही वर बघत होतो. मग मी त्यांच्यापुढे उभा राहून सांगायला सुरुवात केली की हे सगळं कसं शक्य झालं, ऑइलचं तापमान म्हणजे मुळात काय, आणि सातव्या वर्षी मी जो विचार केला होता त्याचा पाया किती पक्का होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. निदान मला तसं वाटलं. मग माझ्या कोपराला हात लावून हळूच म्हणाले, "जावईबापू, जरा बाजूला व्हा. ती उतरतेय, मला दिसत नाही."

बाजूला झालो.