तळघराच्या दाराची बाहेरची कडी

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
सार्वजनिक ग्रंथालय, मुख्य इमारत.

विषय : तळघराच्या दाराची बाहेरची कडी काढून अर्जदारास बांधणी विभागात परत घेणे, तसेच चमच्याबाबत.

संदर्भ : आपला बदली आदेश, ज्यात 'काळजीपोटी' हा शब्द वारंवार आला आहे.

महोदय,

१. मी आपल्या ग्रंथालयाच्या बांधणी विभागात जुनी पुस्तके उसवून पुन्हा शिवण्याचे काम करते. मला अपस्मार आहे, ज्याला सगळे फिट येणे म्हणतात. गोळ्या नियमित चालू आहेत, तरी अधूनमधून झटका येतो. हा मेंदूचा आजार आहे. वेड नाही, नाटक तर नाहीच, आणि शेजारी बसल्याने तो कोणाला लागत नाही. हे अर्जात लिहावे लागू नये, पण आदेशात माझा चहाचा कप वेगळा ठेवण्याची सूचना आहे.

२. झटक्याआधी मला कागद जळाल्याचा वास येतो. कागद कुठेही जळत नसतो. तो वास माझ्या डोक्यातला असतो आणि तेवढीच मला मिळणारी पूर्वसूचना. बांधणी विभागाला हे पाठ आहे. मी "वास आला" म्हटले की खळ लावणाऱ्या ताई माझ्या हातातली सुई काढून घेतात, मला खाली कुशीवर निजवतात, डोक्याखाली कापडाची घडी सारतात. तोंडात काही घालत नाहीत, हातपाय दाबून धरत नाहीत. झटका लांबलाच तर रुग्णवाहिका बोलवायची म्हणून घड्याळावर डोळा ठेवतात. मी डोळे उघडले की म्हणतात, "पडून राहा गं. पुस्तक प्रेसमध्ये वाळतंय, काही घाई नाही."

३. ताईंना हे पहिल्यापासून येत नव्हते. पहिल्या खेपेस त्यांनीच घाबरून माझ्या दातांत कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी घातली आणि माझा पुढचा दात तुटला. त्या माझ्यापेक्षा जास्त रडल्या. मग माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येऊन सगळे नीट विचारून घेतले. कार्यालयाने मात्र वेगळाच बोध घेतला. पट्टी या कामाची नव्हती, सबब स्टीलचा चमचा मंजूर करून माझ्या टेबलाजवळ खिळ्याला टांगण्यात आला. चमच्यानेही दात तुटतो, हे मी तोंडी कळवले होते. "मंजूर झालाय ना, मग राहू दे आता," असे उत्तर मिळाले.

४. गेल्या आठवड्यात मी वाचनकक्षात दुरुस्तीची पुस्तके आणायला गेले असता वास आला. सवयीने तोंडातून गेले, "कागद जळाल्याचा वास येतोय!" तिथे ताई नव्हत्या. कक्षप्रमुखांनी आगीची घंटा वाजवली. वाचक रस्त्यावर आले, अग्निशामक दलाची गाडी आली, आपण स्वतः हजेरीपट बगलेत मारून धावलात. आग कुठेच सापडली नाही. मी दोन कपाटांच्या मधे पडले होते. मला सोडून सर्वांना सुखरूप बाहेर काढण्यात आले होते.

५. त्यानंतर मला तळघरातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या कोठीत पाठवले, अर्थात काळजीपोटी. मी जिन्यावरून पडू नये म्हणून शिपाईकाका दाराला बाहेरून कडी घालतात. माणूस वाईट नाही. "काही लागलं तर हाक मार हं," असे म्हणून वर जातात, आणि वर हाक ऐकू जात नाही. मला सोबत माणूस दिलेला नाही, चमचा दिला आहे. तो इथेही खिळ्याला टांगलेला आहे. झटक्यात मी तो स्वतःच काढून स्वतःच्या तोंडात घालावा अशी अपेक्षा असल्यास तसे लेखी कळवावे.

६. महोदय, मला आजाराची सवय आहे. एकटीने पडण्याची भीती वाटते. पालथी पडून तोंड गठ्ठ्यात दबले तर कुशीवर वळवायला इथे कोणी नाही. जीव मुठीत धरून हा अर्ज लिहीत आहे. आत्ता कागद जळाल्याचा वास येत आहे. तो नेहमीचाच असणार, परंतु

७. वरील परिच्छेद अपुरा राहिला, क्षमस्व. मी जमिनीवर होते. जीभ चावली गेली आहे, कागदावरचे डाग शाईचे नाहीत. हाक मारली की नाही, आठवत नाही. दार बंदच आहे, त्यावरून कोणी आले नाही एवढे कळते. किती वेळ गेला हे सांगायलाही कोणी नाही. वास खऱ्या आगीचा असता तरी कडी बाहेरूनच होती.

८. अर्ज स्वच्छ अक्षरात पुन्हा मागू नये. कडी आजच काढावी, चमचा जमा करून घ्यावा आणि मला माझ्या टेबलावर, ताईंशेजारी बसू द्यावे. शुद्धीवर येताना आपण कोण, कुठे आहोत, काही उमगत नाही. तेव्हा एक ओळखीचा आवाज लागतो. आज तो नव्हता. म्हणून मी हाच अर्ज पहिल्यापासून वाचला, आणि त्यावरून मला कळले की मी पुस्तके शिवते आणि मला कोणीतरी "काही घाई नाही" म्हणत असे.

दार उघडण्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,
पुस्तके शिवणारी
(सध्या तळघर)

दिनांक : परिच्छेद सातचाच दिवस

सोबत : चमचा. (दाराखालून जात नसल्याने जोडता आला नाही.)

ता. क. हा अर्ज दाराखालून सरकवत आहे. ज्याला सापडेल त्याने आधी कडी काढावी, मग अर्ज साहेबांकडे न्यावा.